हिल्डेगार्ड: एका लोकप्रियतेचा खंडित इतिहास

बिंगेनच्या हिल्डेगार्डची (१०९८–११७९) लोकप्रियता आठशे वर्षे अखंड टिकून आहे, असे म्हणण्याचा प्रघात आहे. यातील 'अखंड' हा शब्द तपासून घ्यावा लागतो. नाव टिकले हे खरे. त्या नावाखाली काय वाचले गेले, ते मात्र वेळोवेळी पालटले आहे.

ऱ्हाईनकाठच्या या बेनेडिक्टाइन मठवासिनीने ११४१ मध्ये आपल्या दर्शनांची नोंद आरंभिली. 'स्किव्हिआस' पूर्ण होण्यास दहा वर्षे लागली. तिच्या मृत्यूनंतर एबरबाखच्या गेबेनोने १२२० मध्ये तिच्या लेखनातून अंतकाळविषयक भाकिते वेचून एक संकलन सिद्ध केले. उत्तर मध्ययुगाने हिल्डेगार्ड वाचली ती मुख्यतः या वेच्यांतून. त्या वाचकांना ती भविष्यवादिनी म्हणून ठाऊक होती. तिची सत्तरांहून अधिक गीते त्यांच्या लेखी जवळजवळ नव्हतीच. आजची स्थिती नेमकी उलट आहे. १९८२ मध्ये 'गॉथिक व्हॉइसेस' या गायकवृंदाची ध्वनिमुद्रिका निघाली आणि भाकिते मागे पडून गीते पुढे आली. त्या मुद्रणातील काही गीतांमागे वाद्यांचा अखंड षड्जासारखा स्वर घुमतो. हस्तलिखितांत वाद्यांचा निर्देश नाही. श्रोत्याला जो नाद 'मध्ययुगीन' वाटतो, त्यात विसाव्या शतकाचा वाटा असा बराच आहे.

निवडीत काय गळते, हे अधिक बोलके आहे. हिल्डेगार्डच्या मठात केवळ उमराव घराण्यांतील मुलींना प्रवेश असे. आंडरनाखच्या टेंक्सविंडने यावर पत्राने टोचणी दिली, तेव्हा निरनिराळ्या जातींची गुरे एका गोठ्यात कोणी कोंडत नाही, अशा आशयाचे उत्तर तिने धाडले. स्त्रीमुक्तीची अग्रदूत म्हणून तिला मिरवणाऱ्यांना हे पत्र अडचणीचे वाटावे, यात नवल नाही. तिच्या नावाने स्पेल्ट गव्हाचे पीठ विकणाऱ्यांना तर ते ठाऊक असण्याचेही कारण नाही.

तथापि याच करारी स्वभावाचे दुसरे टोक ११७८ मध्ये दिसते. एकदा बहिष्कृत झालेल्या, परंतु मृत्यूपूर्वी चर्चशी समेट झालेल्या एका उमरावाला मठाच्या भूमीत पुरण्यात आले होते. माइन्झच्या धर्माधिकाऱ्यांनी प्रेत उकरण्याची आज्ञा केली. ऐंशीच्या घरातील हिल्डेगार्डने ती मानली नाही. मठातील उपासनागीतांवर बंदी आली. तेव्हा तिने लिहिलेल्या पत्रात संगीताचे संपूर्ण तत्त्वज्ञानच आले आहे: पतनापूर्वी आदमचा स्वर देवदूतांच्या स्वरात मिसळत असे, गायन ही त्या हरवलेल्या स्वराची आठवण, ती विनाकारण मिटवणारा स्वर्गीय स्तुतीतील आपला वाटा गमावतो. बंदी मार्च ११७९ मध्ये उठली. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला ती वारली. तेराव्या शतकात सुरू झालेली संतपदाची चौकशी अपुरीच राहिली. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २०१२ मध्ये तिला संत आणि 'चर्चची आचार्या' म्हणून मान्यता दिली.

'स्किव्हिआस'ची सचित्र मूळ प्रत सुरक्षिततेसाठी ड्रेस्डेनला नेली होती. १९४५ पासून ती बेपत्ता आहे. आज पुस्तकापुस्तकांतून दिसणारी तिची रंगीत चित्रे आयबिंगेनच्या मठवासिनींनी १९२७ ते १९३३ या काळात हाताने केलेल्या नकलेतून आली आहेत.