म्हातारपणाचा पेपर: न कळणे आणि चुकीचे कळणे

आज आपण एका छोट्या प्रश्नपत्रिकेचा इतिहास पाहणार आहोत. विषय म्हातारपण, पेपर सोडवणारे मात्र तरुण विद्यार्थी.

१९५३ साली अमेरिकेत टकमन आणि लॉर्ज या दोघा अभ्यासकांनी वृद्धांविषयीच्या १३७ विधानांची प्रश्नावली प्रसिद्ध केली. पटतं की नाही, एवढंच विद्यार्थ्यांनी सांगायचं. अडचण अशी, की तिच्यात मतं आणि वस्तुस्थिती यांची सरमिसळ होती. विधान खरंच असेल, तर त्याला ‘हो’ म्हणणाऱ्याचा पूर्वग्रह कसा मानायचा?

१९६९ मध्ये रॉबर्ट बटलर यांनी वयावरून होणाऱ्या भेदभावाला ‘एजिझम’ असं नाव दिलं. पुढे १९७७ मध्ये ड्यूक विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ अर्डमन पामोर यांनी २५ विधानं निवडली, प्रत्येकामागे संशोधनाचा पुरावा असलेली. ‘बहुतेक वृद्धांना बुद्धिभ्रंश झालेला असतो’: चूक. ‘म्हातारपणी पाचही ज्ञानेंद्रियं मंदावत जातात’: बरोबर. कोणत्या चुका म्हातारपण काळं रंगवतात आणि कोणत्या गोड, हेही पामोर मोजत.

पण केवळ नाणं उडवून उत्तरं दिली, तरी सरासरी साडेबारा गुण पडतात! ज्याला माहीत नाही आणि ज्याला चुकीचं माहीत आहे, त्या दोघांची खूण एकच. म्हणून नंतरच्या अभ्यासकांनी तिसरा पर्याय जोडला: ‘माहीत नाही’.

आपल्या न्यायदर्शनाने संशय आणि विपर्यय वेगळे मानले, ते याचसाठी. अंधारात दोर आहे की साप, अशी शंका आलेला माणूस दिवा आणतो. साप आहेच अशी खात्री असलेला काठी आणतो.

हा फरक जिवावर बेतू शकतो. आजचे विद्यार्थी उद्या डॉक्टर, परिचारिका होणार. सत्तरीतला माणूस एकाएकी असंबद्ध बोलू लागला आणि डॉक्टर ‘वय झालं’ म्हणून मोकळा झाला, तर त्यामागचा जंतुसंसर्ग किंवा औषधाचा दुष्परिणाम तपासायचा राहून जातो. दोन्हींवर इलाज असतो. ‘मला माहीत नाही’ म्हणणारा निदान तपासणी तरी करतो.

आणि आपण? गुडघा दुखला, नाव आठवलं नाही, की ‘आता वय झालं’ हे आपणच आधी म्हणतो. या पेपरात आपल्यालाही बसायला हवं. आणि जिथे खात्री नाही, तिथे तिसऱ्या पर्यायावर खूण करायला लाजू नये.