माळरानावरचे जाहिरात खाते

मराठी मुलखात जाहिरातीचा धंदा मुंबईत उभा राहिला. बी. दत्ताराम यांची संस्था १९०५ साली गिरगावात निघाली. शेतकऱ्यासाठीची जाहिरात मात्र घडली औंध संस्थानातल्या एका माळावर. बेळगावातली जागा सोडावी लागल्यावर लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंधच्या राजांनी कुंडलजवळ जमीन दिली आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली.

माल होता लोखंडी नांगर, कडबा कापण्याचे यंत्र, उसाचा चरक. गिऱ्हाईक खेडोपाडी विखुरलेले, बहुतेक निरक्षर. शिवाय लोखंडाच्या फाळाने जमीन नासते, अशी त्याची पक्की समजूत. वर्तमानपत्रातल्या चौकटीने तो बधणार नव्हता. त्याच्यासमोर नांगर चालवूनच दाखवावा लागे, आणि कागदावर छापायचे तर चित्राने बोलावे लागे.

किर्लोस्करवाडीत हे काम लक्ष्मणरावांचे पुतणे शंकर वासुदेव, म्हणजे शंवाकि, यांच्याकडे आले. ते चित्रकला शिकलेले. जाहिरात लिहिणारा, ती चित्रित करणारा आणि माल ओळखणारा माणूस एकच, तोही कारखान्याच्या आवारात राहणारा. मुंबईच्या कुठल्याही संस्थेला नांगर इतका जवळून पाहायला मिळाला नसता. वाडीचे आडगावपण इथे उपयोगीच पडले.

१९२० मध्ये शंवाकिंनी ‘किर्लोस्कर खबर’ काढली. कल्पना जगाला नवी नव्हती: जॉन डिअर या नांगर बनवणाऱ्या अमेरिकन कंपनीचे ‘द फरो’ १८९५ पासून शेतकऱ्यांच्या हाती पडत होते. ‘खबर’ही आरंभी कारखान्याच्या मालाचीच वार्ता देई. पण निव्वळ नांगरांच्या गुणगानावर वाचक किती दिवस टिकणार? हळूहळू उद्योग, समाजसुधारणा, कथा यांनी पाने भरू लागली आणि जाहिरात मागे सरली. १९२९ मध्ये नावातून ‘खबर’ गेली, ‘किर्लोस्कर’ तेवढे उरले. सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध पुढे याच मासिकात आले. १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ निघाले.

जे. वॉल्टर थॉम्पसन ही अमेरिकन जाहिरात संस्था जनरल मोटर्सच्या कामासाठी मुंबईत आली ती १९२९ साली. तोवर वाडीचे नियतकालिक नऊ वर्षांचे झाले होते.