आकडी आलेल्या कुत्र्याचं काय करायचं?

माणसाला आकडी आली की कोल्हापुरात कुणीतरी पायातलं पायताण काढतं आणि त्याच्या नाकाशी धरतं. दुसरं कुणी कांदा फोडून आणायला घरात पळतं. कातड्याच्या उग्र वासानं माणूस शुद्धीवर येतो, ही समजूत इथं पिढ्यानपिढ्या चालत आली आहे. आकडी बहुतेक वेळा दोन-तीन मिनिटांत आपसूक थांबते, त्यामुळं श्रेय दरवेळी पायताणाला मिळत गेलं. या उपायाचा उपयोग काही नाही. तरी त्यासाठी कुणीतरी पडलेल्या माणसाशेजारी गुडघे टेकून बसायचं, त्याचं डोकं मांडीवर घ्यायचं. त्याच गल्लीत कुत्र्याला आकडी आली तर लोक मागं सरायचे आणि काठी शोधायचे. "पिसाळलंय!" एवढी एक आरोळी पुरायची.

या जिल्ह्यात पशुधन पर्यवेक्षक म्हणून माझी सारी नोकरी झाली. म्हशींची गाभण तपासणी, लसीकरण, घटसर्प, खुरकूत यांत दिवस जायचा. पण जिथं जाईन तिथं म्हाताऱ्या माणसांना मी कुत्र्यांबद्दल विचारत आलो, कारण आमच्या घरात माझ्या आज्ज्यापासून कारवानी कुत्री आहेत. लांब पायाची, बारीक कमरेची, वाऱ्यासारखी पळणारी ही जात सोलापूर, सांगली, जतपासून पार खाली मुधोळपर्यंत सगळ्या माळरानावर पसरलेली. मुधोळच्या घोरपडे राजांनी ती नावारूपाला आणली आणि २००५ साली मुधोळ कुत्र्याचं टपाल तिकीटही निघालं. ससा उठवायला आणि रानडुकराच्या मागं सोडायला ही कुत्री पाळायचे. अशा कुत्र्याला पळता पळता झटका आला तर पुढं काय व्हायचं, हे मी ज्यांना विचारलं ते क्षणभर गप्प बसायचे. एका धनगर आबांनी सरळ सांगितलं, "ठेवत नव्हतो, सायेब. मेंढरात कसं ठेवायचं?"

त्यांना दोष देणं मला जमत नाही. पिसाळण्याची भीती खरी होती. १८८५ साली पाश्चरनं पॅरिसमध्ये पहिल्या मुलाला लस टोचेपर्यंत पिसाळलेलं कुत्रं चावलेल्या माणसाला जगात कुठंच हमखास उपाय नव्हता. भारतात कसौलीची पाश्चर संस्था १९०० साली उभी राहिली, कुन्नूरची १९०७ साली. कोल्हापूरला रेल्वे आली १८९१ मध्ये, म्हणजे कसौली सुरू झाली तेव्हा इथून गाडीनं निघता येत होतं. पण भुदरगड किंवा शाहूवाडीच्या वाडीवरचा माणूस चावा लागल्यावर तेवढा लांबचा प्रवास कोणत्या पैशानं करणार? त्याच्यासाठी कुत्रं मारणं हाच प्रतिबंध होता. सरकारंही तेच करत होती. मुंबईत कंपनी सरकारनं उन्हाळ्यात मोकाट कुत्री मारायचा हुकूम काढला आणि त्यावरून १८३२ च्या जूनमध्ये पारशी समाज रस्त्यावर उतरला. बाकी मुलखात कुत्र्यांच्या बाजूनं उभं राहायला कुणी नव्हतं.

घात व्हायचा तो आकडी संपल्यानंतर. झटका चालू असताना कुत्रं आडवं पडतं, ताठ होतं, तोंडाला फेस येतो, चारी पाय हवेत पळाल्यासारखे चालतात, लघवी होते. तोवर लोक लांबूनच बघतात. मग ते उठतं. त्याला काही वेळ धड दिसत नाही. भिंतीला धडकत, झोकांड्या खात फिरतं, धन्याला ओळखत नाही आणि अंगाला हात लावला तर दात लावू शकतं. लोकांच्या मनातलं पिसाळलेलं कुत्रं हुबेहूब असंच असायचं. फरक एवढाच, की आकडीचं कुत्रं काही मिनिटांत, फार तर काही तासांत किंवा दिवसाभरात पुन्हा स्वतःसारखं होतं. पिसाळलेलं कधीच माघारी येत नाही. चावण्याइतका रोग वर आल्यावर ते साधारण दहा दिवसांच्या आत मरतं. चावलेलं कुत्रं दहा दिवस बांधून नजरेखाली ठेवायची पद्धत त्यावरूनच आली. अनोळखी कुत्र्याच्या तोंडाजवळ हात नेऊ नये, हे आजही खरंच आहे. पण दार लावून वाट बघितली असती तर आपल्या माळरानांवरची कितीतरी चांगली कुत्री वाचली असती.

जुन्या ग्रंथांत शोधलं तर कुत्रं वेगळ्याच जागी सापडतं. चरकानं अपस्माराचे चार प्रकार सांगितले, ते माणसाचे. घोड्यासाठी शालिहोत्र आहे, हत्तीसाठी पालकाप्याचा हस्त्यायुर्वेद आहे. कुत्र्याच्या वाट्याला तेवढ्या तोलाचा ग्रंथ आला नाही. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात मात्र लहान बाळांना पछाडणाऱ्या बारा ग्रहांमध्ये एक श्वग्रह आहे. त्याची लक्षणं मी पहिल्यांदा वाचली तेव्हा पुस्तक मिटून बसलो. कंप, अंगावर उभे राहिलेले केस, मिटलेले डोळे, मागं वाकलेलं अंग, जिभेचा चावा, घशातली घरघर, धाव घेणं आणि कुत्र्यासारखं ओरडणं. आकडी आलेल्या कुत्र्याजवळ जो बसला आहे त्याला यातलं बहुतेक सगळं ओळखीचं वाटेल. बाळाचे झटके बघताना कुणाला तरी कुत्र्याचे झटके आठवले असावेत, असा माझा तर्क आहे. पण मांडणीत कुत्रं आजार आणणारं ठरलं. त्यालाही हा आजार होतो, ही गोष्ट बाजूलाच राहिली.

आपल्याच जिल्ह्यात, कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर नरसोबाच्या वाडीला दत्ताच्या तसबिरीत चार कुत्री पायाशी बसलेली दिसतात आणि लोक त्यांनाही हात जोडतात. त्याच वाडीला, बाधा झाली म्हणून आकडीची माणसं आणली जायची. कुणी आपलं कुत्रं तिथं नेल्याचं मी ऐकलेलं नाही. कुत्र्याला मिळाला तो डाग. तापलेल्या विळ्याचा डाग बैलाला देतात तसाच. कपाळावर असे जुने वण असलेली कुत्री मी नोकरीत पाहिली आहेत आणि दरवेळी पोटात तुटलं आहे.

हे शहर जनावरांवर जीव टाकणारं. शाहू महाराजांच्या काळात हत्ती, घोडे होतेच, पुढं हरणांच्या शिकारीसाठी आफ्रिकेतून चित्ते आणलेलं संस्थान म्हणून कोल्हापूरचं नाव झालं. आजही दिवाळीच्या पाडव्याला म्हशी रंगवून, मोरपिसं लावून मिरवतात. पण वैद्यकी आली ती उपयोगाच्या क्रमानं. मुंबईचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ चं. त्यातून बाहेर पडलेल्यांपुढं आधी घोडा होता, मग बैल आणि बुळकांडीची साथ. १९६३ साली जिल्हा दूध संघ, म्हणजे आपलं गोकुळ, उभा राहिला आणि गावागावात म्हशीसाठी डॉक्टर पोहोचला. कुत्रं रांगेत शेवटी राहिलं.

औषधाची गोष्ट मात्र त्याच काळात दूर कुठं घडत होती. १८५७ च्या मे महिन्यात लंडनमध्ये चार्ल्स लोकॉक या डॉक्टरनं आकडीवर ब्रोमाईडचा गुण येतो असं सांगितलं. आपल्याकडं ज्या साली खासबागेचं कुस्ती मैदान झालं, त्या १९१२ साली जर्मनीत आल्फ्रेड हाउप्टमान या तरुण डॉक्टरनं झोपेसाठी निघालेलं फिनोबार्बिटल आकडीच्या रुग्णांना दिलं. तो रुग्णांच्या खोलीच्या वर राहायचा आणि रात्रीच्या झटक्यांनी त्याची झोप मोडायची, म्हणून त्यानं ते दिलं, असं सांगतात. रुग्ण झोपलेच, शिवाय त्यांचे झटकेही कमी झाले. शंभरावर वर्षं लोटली तरी कुत्र्यांसाठी हीच गोळी आधी लिहिली जाते आणि जोडीला लागलं तर ब्रोमाईड. माणसांना सर्रास दिलं जाणारं फेनिटॉइन कुत्र्याला जवळपास निरुपयोगी. त्याचं शरीर ते काही तासांत संपवून टाकतं. घरातल्या आजोबांची गोळी कुत्र्याला देऊ नका, असं मी जीव तोडून सांगतो ते यासाठी.

एक प्रकरण शिकारी कुत्री पाळणाऱ्या प्रत्येकानं ऐकावं असं आहे. १९२० नंतर ब्रिटन-अमेरिकेत कुत्र्यांना एक विचित्र उन्माद व्हायला लागला. चांगलं पळणारं कुत्रं एकाएकी भुंकत सुटायचं, आंधळ्यासारखं धडकायचं आणि झटके येऊन पडायचं. कुणी जंत म्हणालं, कुणी विषाणू. १९४६ साली एडवर्ड मेलनबी यांनी दाखवून दिलं, की दोष बिस्किटातल्या मैद्याचा होता. पीठ पांढरंशुभ्र करण्यासाठी त्यावर नायट्रोजन ट्रायक्लोराईड वायू सोडत असत. ती पद्धत बंद झाली आणि उन्मादही गेला. आमच्या कुत्र्यांना शिळी भाकरी आणि ताक मिळायचं, त्यामुळं हे संकट इथं आलं नसावं. आमच्याकडं पिल्लांच्या झटक्यांना जंत आणि डिस्टेंपर पुरेसे होते. पण खाणं आणि आकडी यांचा संबंध असतो हे त्यातून पक्कं झालं. आज ब्रोमाईड चालू असलेल्या कुत्र्याला कधी अळणी भात आणि कधी तांबड्या रश्श्यातली हाडं दिली तर मिठाच्या चढउतारानं औषध शरीरातून कमीजास्त वेगानं निघून जातं आणि आटोक्यातली आकडी परत येते.

नोकरीच्या सुरुवातीला शहरातल्या औषधाच्या दुकानात चिठ्ठी दिली की दुकानदार चष्मा सरकवून विचारायचा, "साहेब, ही गोळी कुत्र्याला?" आता विचारत नाहीत. आता आमच्या हरणीची चिठ्ठी त्यांना पाठ आहे. हरणी कारवानी कुत्री. तिला पहिली आकडी दुसऱ्या वर्षी आली, पहाटे, झोपेत. कारण न सापडणारी, बहुधा रक्तातून आलेली आकडी सहा महिने ते सहा वर्षं या वयातच सुरू होते. डॉक्टरांनी रक्त तपासलं, दुसरं काही निघालं नाही. मी त्यांना पहिला प्रश्न केला तो पळण्याचा. ते म्हणाले, "पळू द्या की. पाण्यात आणि उंचावर एकटी सोडू नका."

म्हणून रंकाळ्याच्या पदपथावर ती माझ्याबरोबर पळते, पट्टा गळ्याला नाही, छातीला. कळंब्याच्या पाण्यात उतरायला मात्र बंदी, कारण पोहताना झटका आला तर काठावरून पोहोचायला वेळ मिळत नाही. गोळी सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला. लग्न असो की मयत, ती वेळ चुकत नाही, कारण फिनोबार्बिटल अचानक थांबलं तर थांबवता न येणारे झटके सुरू होऊ शकतात. गोळीनं तहान वाढते आणि भूक तर राक्षसी होते. शेजारच्या काकूंना ती उपाशी वाटते. "काकू, नका देऊ, वजन वाढलं की तिचं पळणं जाईल," हे मला रोज सांगावं लागतं. ठरावीक महिन्यांनी औषधाची रक्तातली पातळी आणि यकृत तपासून घेतो.

भिंतीवर वही टांगली आहे. तारीख, वेळ, किती मिनिटं, आदल्या दिवशी काय झालं. विसर्जनाच्या रात्रीचे ढोल-साउंड आणि दिवाळीचे फटाके यांच्या आसपास नोंदी दाट दिसतात, म्हणून त्या दिवसांत आम्ही तिला घेऊन पन्हाळ्याकडच्या शेतावर जातो. झटका आला की आधी घड्याळ बघायचं. तोंडात हात, चमचा, कांदा, काही घालायचं नाही. कुत्रं जीभ गिळत नाही. जिन्याचं दार लावायचं, दिवा मालवायचा, पंखा चालू ठेवायचा. पाच मिनिटांच्या वर गेलं किंवा दिवसात दुसऱ्यांदा आलं तर डॉक्टरांनी दिलेलं डायझेपाम गुदद्वारातून द्यायचं आणि गाडी काढायची.

आता राहिला प्रश्न माळरानावरच्या कुत्र्यांचा. २००१ च्या नियमांनी मोकाट कुत्री मारणं थांबवलं, लस गावात पोहोचली, "पिसाळलंय" ही आरोळी पूर्वीसारखी ऐकू येत नाही. पण जत्रेतल्या शर्यतीत नंबर आलेल्या कुत्र्याला आकडी आली की ते लपवलं जातं, कारण त्याच्या पिल्लांना भाव असतो. ज्यांच्या घरी कारवानीची जुनी ओळ आहे त्यांना आई-बाप, आजा-पणजा तोंडपाठ असतात. त्या पाठांतरात आकडीही बोलली गेली पाहिजे. मी हरणीच्या बापाच्या धन्याला, सांगली जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याला, जाऊन भेटलो. त्यांनी आधी नाही म्हटलं, मग चहा झाल्यावर सांगितलं, की तिच्या एका भावालाही झटके यायचे. तेही वहीत लिहिलं आहे. हरणीची पिल्लं मी घेतली नाहीत, आणि त्या शेतकऱ्यानंही त्या जोडीची पुढची पिल्लं घेणं बंद केलंय.