फलाटाशी उभे राहिलेले रुग्णालय : प्लेगच्या झोपड्यांपासून नंदुरबारच्या डब्यांपर्यंत

#थ्रेड #इतिहास

१/ एप्रिल २०२१. नंदुरबार स्थानकात शयनयान डब्यांची एक रांग उभी होती. तिला कोठेही जायचे नव्हते. आत प्रवासी नव्हते, कोरोनाचे रुग्ण होते. रेल्वेचे डबे विलगीकरण कक्ष म्हणून प्रत्यक्ष वापरले गेले, अशा देशातील मोजक्या स्थानकांपैकी नंदुरबार हे एक.

२/ रोग्याला वेगळे ठेवण्याची जागाच रोग्यापर्यंत न्यावी, ही कल्पना मात्र जुनी आहे. क्रिमियन युद्धात १८५५ साली ब्रुनेल या रेल्वे अभियंत्याने लाकडी रुग्णालयाचा आराखडा केला. त्याचे सुटे भाग इंग्लंडहून जहाजाने तुर्कस्तानात रेंकिओई येथे नेऊन जोडले गेले. खेळती हवा आणि सांडपाण्याचा निचरा यांवर त्याचा सारा भर होता.

३/ आपल्याकडे ही गरज भासली ती प्लेगमुळे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी हा रोग ओळखला. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला. रोग्यांसाठी तात्पुरती रुग्णालये आणि त्यांच्या घरच्यांसाठी विलगीकरण छावण्या उभ्या राहिल्या. रेल्वे स्थानकांवर प्रवाशांची तपासणी होऊ लागली.

४/ पुण्यात गोऱ्या सैनिकांनी घरांत शिरून झडत्या घेतल्या. माणसे छावणीत नेली जात, सामान जाळले जाई. लोक रोगाइतकेच छावणीला भिऊ लागले आणि रोगी लपवू लागले. २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँडवर गोळ्या झाडल्या, त्यामागे हा संताप होता.

५/ त्याच पुण्यात दुसरे चित्रही होते. शहराबाहेर मोकळ्या माळावर डॉ. यशवंत फुले यांनी प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना उघडला. सावित्रीबाई स्वतः रोगी तेथे पोहोचवत. या सेवेतच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. जागा तीही गावाबाहेरचीच, पण तेथे नेणारा हात आपला होता.

६/ आता या इतिहासातील खरी गंमत पाहा. १८९८ साली पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच वैद्याने कराचीत दाखवून दिले की प्लेग उंदरांवरील पिसवांमार्फत पसरतो. म्हणजे गाठीच्या प्लेगमध्ये धोका रोग्याच्या शेजारी बसण्यात फारसा नव्हता, तो घरातल्या उंदरांत होता.

७/ म्हणूनच घरात उंदीर पडू लागले की गाव सोडून शेतात झोपड्या घालून राहण्याची रीत गुणकारी ठरली. बांबू, तट्टे आणि गवत यांचा तो निवारा साथ ओसरली की मोडता किंवा जाळता येई. कारण पुरते उमगण्याआधीच उपाय हाती आला होता.

८/ खानदेशातही प्लेग पोहोचला. नंदुरबार तेव्हा खानदेश जिल्ह्यात होते, स्वतंत्र जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. प्लेगच्या त्याच काळात सुरतेहून ताप्ती व्हॅली रेल्वे या मुलखात आली. त्या वेळी रेल्वे म्हणजे साथ गावोगाव नेणारे वाहन मानले जाई. पुढे त्याच मार्गावर डबेच रुग्णशय्या झाले.

९/ हे डबे घडले कसे? २०२० मध्ये रेल्वेने ५,२३१ बिगर-वातानुकूलित डबे यासाठी निवडले. वातानुकूलित डब्यात तीच हवा फिरत राहते. येथे खिडक्या उघडता येत होत्या. मधले बर्थ काढले, खिडक्यांना मच्छरदाणीची जाळी लावली, कप्प्यांमध्ये प्लॅस्टिकचे पडदे सोडले, एका शौचालयाचे न्हाणीघर केले आणि प्राणवायूच्या सिलिंडरांची सोय केली. एका डब्यात साधारण १६ रुग्ण मावत.

१०/ पण एप्रिलमधले खानदेशचे ऊन! पत्र्याचा डबा भट्टीसारखा तापतो. म्हणून खिडक्यांना कूलर लावले आणि टपावर ओली तागाची पोती अंथरली. देशभरातील बहुतेक डबे रिकामेच राहिले, हेही नोंदवले पाहिजे. गंभीर रुग्णांसाठी ते नव्हतेच. सौम्य रुग्ण तेथे ठेवले की रुग्णालयातील खाटा अत्यवस्थांसाठी मोकळ्या राहत.

११/ हा इतिहास दोन कसोट्या हाती देतो. रोग कोणत्या वाटेने पसरतो, हे त्या जागेच्या रचनेत उतरले आहे का? आणि तेथे जाताना माणसाला आपण उपचाराला चाललो आहोत असे वाटते, की कैदेत? १८९७ ची छावणी दोन्हींत नापास झाली. शेतातली झोपडी दोन्हींत उतरली. डब्याची उघडी खिडकी पहिल्या कसोटीला उतरली. दुसरीचे उत्तर प्रत्येक साथीत नव्याने द्यावे लागते.

१२/ मित्रहो, गाव सोडून शेतात राहिल्याच्या प्लेगच्या आठवणी अजून अनेक घरांत सांगितल्या जातात. आजी-आजोबांना विचारा आणि लिहून ठेवा. इतिहासाची ही पाने छापील ग्रंथांत सहसा सापडत नाहीत.

#समाप्त