अमेरिकन फुटबॉल : पुण्याचे विजेतेपद आणि महाविद्यालयांचा धडा

नाशिक : प्रतिनिधी

फुटबॉल म्हटले, की आपल्याकडे पायाने खेळायचा गोल चेंडू डोळ्यांपुढे येतो. अमेरिकेत मात्र हा शब्द हेल्मेट घालून, लांबट चेंडू हातात घेऊन खेळल्या जाणाऱ्या खेळासाठी वापरला जातो. या खेळाच्या भारतातील व्यावसायिक लीगचे पहिले विजेतेपद महाराष्ट्रातील संघाने पटकावले होते, याचे आज अनेकांना विस्मरण झाले आहे.

'एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया'ची घोषणा २०११ मध्ये झाली. माइक डिटका, कर्ट वॉर्नर यांसारखे अमेरिकेतील नामवंत तिच्या पाठीशी होते. २०१२ च्या पहिल्या हंगामात भारत व श्रीलंकेतील आठ संघ उतरले. महाराष्ट्रातून 'मुंबई ग्लॅडिएटर्स' व 'पुणे मराठाज' हे संघ होते. अंतिम सामन्यात पुण्याने 'दिल्ली डिफेंडर्स'ला ६-० असे नमविले. पुढे मात्र ही लीग टिकली नाही.

खेळ असा चालतो

प्रत्येक संघाचे ११ खेळाडू मैदानात असतात. चेंडू ताब्यात असलेल्या संघाला चार प्रयत्नांत १० यार्ड पुढे सरकावे लागते. अन्यथा चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे जातो. प्रतिस्पर्ध्याची अंतिम रेषा ओलांडल्यास 'टचडाउन'चे सहा गुण मिळतात. कबड्डीतील चढाईप्रमाणे प्रत्येक प्रयत्न काही क्षणांत संपतो आणि खेळाडू पुन्हा आपापल्या जागी येतात.

मुळे महाविद्यालयात

भारतीय लीगसाठी रग्बी व अन्य खेळांतून खेळाडू निवडून त्यांना नव्याने शिकवावे लागले. अमेरिकेत ही शिकवण शाळा-महाविद्यालयांतच होते. तेथील महाविद्यालयीन क्रीडा संघटनेच्या तिसऱ्या श्रेणीत खेळासाठी शिष्यवृत्ती देता येत नाही. तरीही लहान महाविद्यालयांचे संघ दर वर्षी सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात साधारण दहा सामने खेळतात.

वॉशिंग्टनमधील गॅलॉडेट हे कर्णबधिरांचे विद्यापीठ याच श्रेणीत खेळते. सांकेतिक भाषेतील डावपेच प्रतिस्पर्ध्यांना दिसू नयेत, म्हणून १८९० च्या दशकात त्याचे खेळाडू कोंडाळे करून उभे राहू लागले. 'हडल' नावाची ही पद्धत आता सर्व संघ वापरतात. या संघाला राष्ट्रीय बाद फेरी गाठण्यासाठी २०१३ पर्यंत वाट पाहावी लागली. तेथे होबार्टकडून पराभव झाला, पण संघ बंद पडला नाही. पुण्याच्या संघाला पहिल्याच हंगामात यश मिळाले. मात्र त्यामागे पुढची पिढी घडविणारे महाविद्यालय नव्हते.

नाशिकला वाव

या खेळाचे संरक्षक साहित्य महाग असते. 'फ्लॅग फुटबॉल' या प्रकारात मात्र त्याची गरज नसते. प्रतिस्पर्ध्याला पाडण्याऐवजी त्याच्या कमरेची पट्टी ओढली, की प्रयत्न संपतो. प्रत्येकी पाच खेळाडूंचा हा प्रकार २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये पुरुष व महिला अशा दोन्ही गटांत समाविष्ट आहे. कबड्डी व खो-खोमुळे चपळाई अंगी बाणलेल्या नाशिकच्या विद्यार्थ्यांना एक चेंडू, काही पट्ट्या आणि महाविद्यालयाचे मैदान एवढ्यावर सुरुवात करता येईल. परंतु संघ टिकवायचा, तर तो दर वर्षी नियमाने खेळला पाहिजे.