तळटीप : ‘कॅट्झ’ची पास्ट्रामी

१४. न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडमधलं ‘कॅट्झ डेलिकेटेसन’, स्थापना १८८८. लेखकाने त्याला ‘कोशर-स्टाइल’ म्हटलं आहे ते नेमकं आहे. पदार्थ पूर्व युरोपातल्या ज्यू घरांचे, धर्मनियमांची सक्ती मात्र नाही. ज्यू शास्त्रात मांस आणि दुधाचे पदार्थ एकत्र खाणं निषिद्ध. (कोकणातले बेने इस्रायली मटणाच्या रश्शाला नारळाचं दूध वापरतात, त्याला हा नियमही कारण आहे.) ‘कॅट्झ’च्या रूबेन सँडविचमध्ये तर कॉर्न्ड बीफवर स्विस चीज खुशाल वितळत असतं, आणि दुकान शब्बाथलाही उघडं!

दारातच प्रत्येकाच्या हाती एक तिकीट येतं. जे खाल, ते त्यावर लिहिलं जातं. पैसे जाताना द्यायचे. तिकीट हरवलं तर भुर्दंड.

पास्ट्रामी म्हणजे खारवून, मिरी-धणे चोळून, धुरी देऊन मग वाफवलेलं गोमांस. इथे ते हातानेच कापतात. कापणारा आधी एखादा तुकडा चाखायला देतो. त्याला टिप द्यावी, असा रिवाज. राय ब्रेड, मोहरीचा सॉस आणि खारवलेली काकडी एवढी साथ पुरे. मेयोनीज मागणाऱ्याकडे जाणकार दयेने पाहतात.

‘व्हेन हॅरी मेट सॅली’मधला (१९८९) गाजलेला प्रसंग इथलाच.