गळा आवळणे, अप्राणघातक
जोडीदाराने हाताने, दोरीने वा ओढणीने स्त्रीचा गळा दाबून श्वास किंवा मेंदूचा रक्तपुरवठा रोखणे, परंतु त्यात ती जिवंत राहणे. काही सेकंदांतच शुद्ध हरपू शकते. आवाज बसतो, गिळताना दुखते. मानेतील धमनीला इजा झाल्यास काही दिवसांनीही पक्षाघात संभवतो. सॅन डिएगो (अमेरिका) येथील 300 प्रकरणांच्या अभ्यासात (2001) निम्म्या स्त्रियांच्या अंगावर दिसेल अशी खूणच नव्हती. त्यामुळे वळ नाही म्हणून तक्रार हलकी मानणे घातक ठरते. 2008 च्या अमेरिकी संशोधनानुसार अशा हल्ल्यानंतर जोडीदाराकडून हत्या होण्याची शक्यता सुमारे सातपट वाढते. इंग्लंड व वेल्समध्ये 7 जून 2022 पासून हा स्वतंत्र गुन्हा असून त्यास कमाल 5 वर्षे कारावास आहे.